छोटे पोकलेन झाडकामाला लावताना: जोडअवजारे, तेलाची लाइन आणि झाडांची मुळे

कातळसडा

नमस्कार. राजापूर तालुक्यात एकाच डोंगरउतारावर आम्हा चार शेजाऱ्यांच्या काजूच्या आणि हापूसच्या बागा लागून आहेत. चौघांनी मिळून तीन टनांच्या आसपासचे एक छोटे पोकलेन घ्यावे, असा विचार आता पक्का होत आला आहे. मात्र विक्रेत्यांकडून मिळणारी माहिती घराचा पाया, गटारे आणि पाइपलाइन यांच्या खोदकामाची असते. झाडकामाचा विषय काढला की बोलणे बकेटच्या मापापलीकडे जात नाही. म्हणून हा धागा काढत आहे.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यालगत वर सरकत गेले, तेव्हा आमच्याकडची बरीच जुनी कलमे आडवी झाली. त्या वेळी रस्त्याच्या कामावरचे वीस टनी पोकलेन भाड्याने आणले होते. पडलेली झाडे त्याने झपाट्याने बाजूला केली, परंतु ज्या उभ्या कलमांना वादळाने हात लावला नव्हता, त्यांच्या बुंध्यापाशी ओली माती त्याच्या पट्ट्यांखाली अशी घट्ट दबली की त्या ओळीतील झाडांना पुढे पालवी धड फुटेना. चालकाला दोष देता येणार नाही, कारण दोन ओळींमधल्या जागेत ते यंत्र मावतच नव्हते.

आमची कामे अशी आहेत: खोडकिडीने मेलेल्या काजूंचे बुडखे मुळांसकट काढणे, तोडलेले ओंडके उचलून वाटेपर्यंत आणणे, रानमोडी आणि घाणेरीचे रान साफ करणे, नव्या कलमांसाठी खड्डे मारणे आणि ढासळलेल्या गडग्याचे जांभे परत रचणे. यंत्राचे वजन किती असावे, कोणती जोडअवजारे आधी घ्यावीत आणि मूळ यंत्रात कोणते बदल करावेत, हे अनुभवी लोकांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

दाब_आणि_तेल

मी हायड्रॉलिक दुरुस्तीचे काम करतो. माझ्याकडे झाडकामावरून आलेली जी यंत्रे येतात, त्यांतील बहुतेकांचा आजार सारखाच असतो: खोदण्यासाठी बनवलेल्या यंत्राला फिरणारे अवजार जोडलेले असते आणि तेलाच्या परतीच्या वाटेचा विचार कोणी केलेला नसतो. त्यामुळे अवजार निवडण्याआधी यंत्राची जादा लाइन, म्हणजे जोडअवजाराला तेल पुरवणाऱ्या वेगळ्या नळ्या, कशी आहे ते पाहावे.

दगड फोडायच्या ब्रेकरला एकाच दिशेने तेल लागते. ते एका नळीने जाते आणि दुसरीने थेट टाकीकडे परत येते. उघडझाप करणाऱ्या चिमट्याला मात्र दोन्ही दिशांनी दाब लागतो. म्हणजे एकेरी आणि दुहेरी हे दोन्ही पर्याय असलेली लाइन कारखान्यातूनच बसवून आलेली असेल, तर पुढचे सगळे सोपे होते. नंतर बसवता येते, पण खर्च वाढतो आणि नळ्या जिथे जागा मिळेल तिथून ओढाव्या लागतात. झाडाच्या फांद्या नेमक्या अशाच नळ्यांत अडकतात.

दुसरी गोष्ट ताकदीची. मिनिटाला मिळणारे लिटर आणि दाब यांचा गुणाकार करून ६०० ने भागले की किलोवॅट मिळतात. तीन टनी यंत्राच्या जादा लाइनला मिनिटाला ५० लिटर तेल २०० बार दाबाने मिळते असे धरले, तर हिशेब होतो साधारण १६.७ किलोवॅट. या वजनाच्या यंत्राचे इंजिनच बहुधा १५ ते १८ किलोवॅटचे असते. झुडपे भरडणारा मल्चर त्यावर लावला तर इंजिनाची जवळजवळ सगळी ताकद एका अवजारात जाते, बूम, म्हणजे यंत्राचा मुख्य हात, हलवायला काही उरत नाही आणि तेल तापत राहते. कागदावर 'तीन टनी यंत्रासाठी योग्य' असे लिहिलेले असले तरी दिवसभराच्या कामाला ते योग्य ठरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही मल्चर किंवा बुडखा खरवडणारे यंत्र लावायचेच असेल, तर तिसरी बारीक नळी विसरू नये. हायड्रॉलिक मोटरच्या आत थोडे तेल सतत झिरपत असते आणि त्याला जवळजवळ शून्य दाबाने थेट टाकीत जायची मोकळी वाट लागते. ती वाट दिली नाही, किंवा मुख्य परतीच्या नळीला जोडून दिली, तर मोटरच्या पोटात दाब साठतो आणि शाफ्टचे सील बाहेर फेकले जाते. सील बदलले तरी थोड्या दिवसांत तेच पुन्हा घडते, आणि मालकाला वाटते की सीलच बनावट होते.

वाडीचालक

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी रत्नागिरी आणि लांजा भागात छोटे यंत्र चालवतो. माझ्या मते पहिला खर्च अंगठ्यावर करावा. बकेटसमोर दांड्याच्या खालच्या बाजूला बसणारा हा पोलादी पंजा बकेटच्या दातांशी जुळून वस्तू धरतो. साधा, खुंटीने जागा बदलायचा अंगठा स्वस्त पडतो, पण झाडकामात ओंडक्यांची जाडी सतत बदलत असल्याने सिलिंडरवर चालणाराच घ्यावा. ओंडके, फांद्यांचे भारे, मुळांसकट उपटलेली झुडपे, गडग्याचे जांभे, सगळे त्याने उचलता येते आणि बकेट न काढता लगेच खोदताही येते. फिरता चिमटा लाकूडकामाला नक्कीच सरस आहे, परंतु त्याचे वजन यंत्राच्या उचलण्याच्या क्षमतेतून वजा होते. तीन टनी यंत्रावर ही वजाबाकी चांगलीच जाणवते.

काजूच्या बुडख्याविषयी सविस्तर लिहितो. तो यंत्राने काढायचा असेल, तर झाड तोडताना खोड जमिनीलगत कापू नये. निदान कमरेएवढा बुंधा उभा ठेवावा, म्हणजे रेटायला तरफ मिळते. नंतर ३० सेंटिमीटर रुंदीची अरुंद बकेट किंवा एकदाती नांगी घेऊन बुंध्यापासून हातभर अंतरावर चारही बाजूंनी खणत यावे आणि आडवी मुळे तोडत जावीत. घाईने थेट बुंध्याला बकेट लावली की तीन टनी यंत्र स्वतःच उचलले जाते, बुडखा जागचा हलत नाही. बाजूची मुळे सुटली की बुंधा वरच्या टोकाला ढकलून पाहावा. तो डुलू लागला, की खालची जाड मुळे कोणत्या बाजूला धरून आहेत ते लगेच कळते. मग तिथेच नांगी घालावी. बाहेर आलेला बुडखा खड्ड्यावरच दोनतीनदा आपटून माती झाडून घ्यावी, नाहीतर बागेची चांगली वरची माती बुडख्याबरोबर बांधावर जाते.

उतारावर यंत्र बुडख्याच्या वरच्या अंगाला, चढउताराच्या सरळ रेषेत उभे करावे आणि पुढचे पाते खालच्या बाजूला जमिनीत टेकवावे. यंत्र खाली आणि बुडखा वर असेल, तर सुटलेला बुडखा घरंगळत थेट केबिनवर येतो. भार धरून उताराच्या बाजूला वळणे तर पूर्णपणे टाळावे.

कातळसडा

फार मोलाची माहिती मिळाली, दोघांचे आभार. वाडीचालक, शून्य शेपटीचे यंत्र, म्हणजे वळताना मागचा भाग पट्ट्यांच्या बाहेर न जाणारे, ते घ्यावे की साधे? आणि ओंडक्याचे वजन उचलण्याआधी कसे ओळखावे? अंदाज चुकला तर काय होते, ते शेजारच्या गावात पाहिले आहे.

वाडीचालक

कलमांच्या ओळींत शून्य शेपटीचेच घ्यावे. साध्या यंत्राचे मागचे वजन वळताना खोडाला लागते आणि साल सोलली जाते. चालकाचे लक्ष पुढच्या बकेटकडे असल्याने त्याला ते उशिरा कळते. मात्र त्याच वजनाच्या साध्या यंत्राच्या तुलनेत शून्य शेपटीचे यंत्र बाजूला भार घेताना लवकर कलते, कारण त्याचा मागचा भार मध्याच्या जवळ असतो. म्हणून उत्पादकाने दिलेल्या उचलण्याच्या क्षमतेच्या तक्त्यातील समोरचा आकडा न पाहता बाजूचा पाहावा. त्या तक्त्यातील आकडे यंत्र कलंडण्याच्या भाराच्या ७५ टक्के किंवा हायड्रॉलिक क्षमतेच्या ८७ टक्के, यांतील जो कमी असेल तो धरून दिलेले असतात. तेही सपाट, टणक जमिनीवर. आपल्या उतारावर त्यात आणखी बरीच कपात मनाशी धरावी.

निवृत्त_वनपाल

वजनाच्या प्रश्नाला उत्तर देतो. आपल्याकडे लाकडाचा व्यवहार गोलाईवर चालतो: गोलाईच्या चौथ्या भागाचा वर्ग करून त्याला लांबीने गुणतात. ही पद्धत व्यापारासाठी ठीक आहे, परंतु यंत्राने ओंडका उचलण्यासाठी ती धोक्याची आहे, कारण तिच्यातून येणारे घनमाप खऱ्या घनमापाच्या सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच असते. उदाहरण घ्या. गोलाई १२० सेंटिमीटर आणि लांबी ३ मीटर असलेल्या ओंडक्याचे माप व्यापारी हिशेबाने ०.२७ घनमीटर येते. खरे घनमाप काढायचे तर गोलाईचा वर्ग १२.५७ ने भागून लांबीने गुणावा, ते ०.३४ घनमीटर येते. ओल्या लाकडाचे वजन घनमीटरला १,००० किलो धरले, तर व्यापारी हिशेबाने २७० किलो वाटणारा ओंडका प्रत्यक्षात ३४० किलोंचा असतो. आंबा, फणस यांचे ताजे तोडलेले लाकूड पाण्याने भरलेले असते, तेव्हा हजाराचा आकडा धरणेच शहाणपणाचे. झाडाखाली उभे राहून टेपने गोलाई घ्यावी आणि मोठा ओंडका उचलण्याआधीच दोन तुकड्यांत कापावा.

आणखी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा, फणस, खैर, ऐन आणि किंजळ ही आपल्या भागातील झाडे येतात. झाड स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असले तरी तोडण्याआधी परवानगी लागते. यंत्र दारात आले की एका सकाळी पुष्कळ झाडे आडवी होऊ शकतात. चौघांचे सामाईक यंत्र असेल, तर कोणाच्या बागेत कोणत्या झाडाची परवानगी आहे, याची नोंद यंत्राबरोबरच ठेवावी.

मुळांचा_अभ्यासक

यंत्रावर पुष्कळ चर्चा झाली, आता झाडाच्या बाजूने लिहितो, कारण धागाकर्त्याच्या दुसऱ्या परिच्छेदातली पालवीची तक्रार माझ्या मते या सगळ्या चर्चेचे मूळ आहे.

कलमाची अन्न घेणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या साठ सेंटिमीटर मातीत असतात आणि ती फांद्यांच्या घेराखाली, कित्येकदा घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. या मुळांना जितकी पाण्याची, तितकीच हवेची गरज असते. ओल्या मातीवर वजन पडले की मातीतील पोकळ्या मिटतात, आणि त्या आपोआप पुन्हा उघडायला अनेक वर्षे जातात. तीन टनी यंत्राच्या पट्ट्यांखालचा दाब चौरस सेंटिमीटरला ०.३ किलोच्या आसपास असतो, चालत्या माणसाच्या तळपायाखालच्या दाबापेक्षाही कमी. म्हणून छोटे यंत्र हा विचार योग्यच आहे. परंतु हा आकडा सरासरीचा आहे. बुडखा ओढताना यंत्र पुढच्या टोकावर झुकते आणि सगळा भार पट्ट्याच्या थोड्याशा लांबीवर येतो. जागच्या जागी गिरकी घेताना पट्टा वरची माती खरवडून मुळे उघडी पाडतो. त्यामुळे फांद्यांच्या घेराखाली यंत्र नेऊच नये आणि नेणे अटळ असेल तर तोडलेल्या फांद्यापाल्याचा जाड थर आधी अंथरून त्यावरून सरळ आत जावे व सरळ मागे यावे. वळायचे ते घेराबाहेर.

वेळेची निवडही महत्त्वाची आहे. पावसाळ्यात ही कामे करू नयेत. दिवाळीनंतर वरची माती वाळलेली, पण खाली ओल टिकून असलेली मिळते; बुडखे काढायला ती सर्वांत चांगली. पुढे आंब्याला मोहोर येतो आणि मग काजूचा हंगाम सुरू होतो, तेव्हा बागेत यंत्र फिरवणे कोणालाच परवडत नाही.

खोडकिडीने मेलेला काजू मुळांसकट काढावा हे अगदी बरोबर, कारण अळ्या आणि कोष खोडाच्या बुडाशी आणि मुळांतच असतात. काढलेला बुडखा बांधावर रचून ठेवला तर त्यातून भुंगेरे निघून शेजारच्या झाडांवर जातात. तो त्याच हंगामात जाळून किंवा बागेबाहेर नेऊन नष्ट करावा.

दाब_आणि_तेल

खड्ड्यांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. जमिनीत भोक पाडणारा ऑगर हा छोट्या यंत्राचा लोकप्रिय जोड आहे, आणि त्याची ताकदीची मागणीही आवाक्यात असते. पण मुरमाड चिकट मातीत तो खड्ड्याची भिंत घोटून गुळगुळीत करतो आणि कोवळ्या मुळांना त्यात शिरणे अवघड जाते. काजूसाठी ६० सेंटिमीटरचा आणि आंब्यासाठी एक मीटरचा चौकोनी खड्डा मारायचाच असेल, तर अरुंद बकेटच बरी. तिच्या दातांनी भिंत खडबडीत राहते. कातळ लागला तर ब्रेकर भाड्याने आणावा, विकत घेऊ नये.

चिमट्याच्या किंवा अंगठ्याच्या सिलिंडरला भार धरून ठेवणारी झडप बसवलेली आहे का, हे घेताना विचारावे. ती नसेल तर नळी फुटताच पकड सुटते आणि ओंडका खाली येतो. आणि नळीला बारीक छिद्र पडले आहे अशी शंका आली, तर हाताने चाचपून पाहू नये. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहावा. त्या दाबाचे तेल कातडीतून आत शिरते, जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असे झाल्यास दुखो वा न दुखो, तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे.

परदेशस्थ_मालवणी

मी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात वृक्षतोडीच्या कामावर आहे, मूळ गाव मालवणजवळ. इथे जंगलात काम करणाऱ्या यंत्राच्या केबिनवर तीन वेगवेगळे धोके धरून संरक्षण दिलेले असते: यंत्र कलंडणे, वरून काही पडणे आणि समोरून फांदी आत घुसणे. बांधकामासाठी विकल्या जाणाऱ्या छोट्या यंत्राला पहिल्या धोक्यासाठी चौकट असते, दुसऱ्यासाठी कधी असते कधी नसते आणि तिसऱ्यासाठी बहुधा काहीच नसते. झाडकामात तिसरा धोका रोजचा आहे. वाकलेली फांदी बकेटमधून निसटली की टोक पुढे करून केबिनकडेच येते. समोर आणि छतावर पोलादी जाळी हवीच. ती बोल्टने, उत्पादकाने दिलेल्या जागी बसवावी; मूळ चौकटीवर वेल्डिंग किंवा छिद्रे करू नयेत, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने चौकटीचे पोलाद बदलते आणि यंत्र कलंडेल त्या क्षणी ती अपेक्षेप्रमाणे वाकत नाही, तुटते. उघड्या चौकटीचे यंत्र घेणार असाल, तर सीटचा पट्टा बांधल्याशिवाय चालवू देऊ नका. कलंडणाऱ्या यंत्रातून उडी मारणारा माणूस त्याच चौकटीखाली सापडतो.

बूमच्या टोकाला साखळीचा आरा लावायचा मोह कृपया टाळा. साखळी तुटली की तिचा तुकडा प्रचंड वेगाने सुटतो आणि साधी काच त्याला अडवू शकत नाही. त्यासाठी जाड पॉलिकार्बोनेट लागते आणि आसपास माणूस असून चालत नाही. आपल्या बागांत आसपास माणसे असतातच.

वादळात मुळांसकट आडव्या झालेल्या झाडाविषयी एक गोष्ट पोटतिडकीने लिहितो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर रायगड आणि दापोली-मंडणगड भागातली अशी झाडे सर्वांनी पाहिली आहेत. मुळांची मोठी थाळी मातीसकट उभी राहिलेली असते आणि तिच्यामागे खड्डा असतो. खोड कापले की वरचा भार नाहीसा होतो आणि ती थाळी क्षणात खड्ड्यात परत बसते. त्या खड्ड्यात कोणी डोकावत असेल, खेळत असेल, तर वाचण्याची शक्यता नाही. छोट्या यंत्राचा झाडकामातला सर्वांत मोठा उपयोग मला इथे दिसतो: बकेट थाळीच्या मागे टेकवून ती धरून ठेवावी, करवतवाल्याने कापून दूर व्हावे आणि मग थाळी सावकाश खाली सोडावी. मात्र यंत्र थाळी पेलू शकेल एवढ्याच झाडावर हे करावे. मोठ्या फणसाची थाळी तीन टनी यंत्र रोखू शकत नाही. तिथे खड्ड्याभोवती दोरी बांधून कोणालाही फिरकू देऊ नये.

कातळसडा

परदेशस्थ_मालवणी, थाळीचे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे मुले त्या खड्ड्यांत उतरून खेळत होती. करवतवाला आणि यंत्र एकत्र काम करत असताना खुणा कोणत्या ठरवाव्यात? आणि अर्धवट कललेली लहान कलमे यंत्राने सरळ करता येतील का?

वाडीचालक

आम्ही एकच नियम पाळतो. करवतवाला जवळ येण्याआधी भार जमिनीवर टेकलेला, डावीकडची सेफ्टी लिव्हर वर केलेली आणि चालकाचे दोन्ही हात त्याला दिसतील असे वर धरलेले. हात दिसले नाहीत तर त्याने पुढे पाऊल टाकायचे नाही. उचललेला ओंडका हवेत धरून खाली कापून घेणे हे सर्रास चालते आणि ते थांबलेच पाहिजे. वरून विजेची तार जात असेल, तर बूम पूर्ण उभी केल्यावर ती कुठे पोचते, हे काम सुरू करण्याआधी जमिनीवरून पाहून घ्यावे.

लहान कलमे सरळ करता येतात, पण बकेटने ढकलून नव्हे. रुंद कापडी पट्टा, खोडाला आतून गोणपाटाची घडी, आणि अगदी सावकाश ओढ. तारेचा दोर लावला की साल कापली जाते.

मुळांचा_अभ्यासक

यात भर घालतो: ओढण्याआधी उघड्या पडलेल्या बाजूच्या फाटक्या मुळांचे टोक स्वच्छ कापावे, फांद्यांचा भार निदान एकतृतीयांश हलका करावा, आणि सरळ केल्यावर माती दाबून बांबूचे आधार द्यावेत. कापांवर बोर्डो पेस्ट लावावी; एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. मुळे उन्हात वाळण्याआधी, म्हणजे पहिल्या दोनचार दिवसांतच हे झाले पाहिजे.

निवृत्त_वनपाल

एप्रिल-मेमध्ये काम करणार असाल तर आगीची काळजी घ्या. सुका पाला इंजिनाखालच्या पत्र्यावर आणि सायलेन्सरभोवती साठतो. दुपारी रेडिएटरची जाळी आणि संध्याकाळी खालचा पत्रा उघडून साफ करावा, आणि यंत्र थंड होईपर्यंत सुक्या गवतात उभे करू नये. अग्निशामक नळकांडे चालकाच्या हाताशी हवे, सीटच्या मागे दाबून ठेवलेले नको.

कातळसडा

काका, आपले आणि सर्वांचे आभार. चौघांच्या बैठकीत हे सगळे वाचून दाखवले. दुहेरी जादा लाइन आणि सिलिंडरचा अंगठा असलेले शून्य शेपटीचे यंत्र, समोर व छतावर उत्पादकाचीच जाळी, एक अरुंद बकेट आणि एक एकदाती नांगी, एवढ्यावर एकमत झाले आहे. मल्चरचा विषय सोडून दिला. रानमोडी अंगठ्याने धरून मुळांसकट उपटू. आता फक्त पट्ट्यांचा प्रश्न उरला: रबरी की पोलादी?

वाडीचालक

सड्यावर जांभ्याच्या धारा आणि तिरके कापलेले खुंट रबरी पट्टा फाडतात, तर पोलादी पट्टा बागेची वाट आणि गावचा डांबरी रस्ता उखडतो. पोलादी पट्ट्यावर बोल्टने बसणाऱ्या रबरी गाद्या मिळतात, त्या घ्याव्यात. एक फाटली तर तेवढीच बदलता येते. आणि रानमोडी तोडणाऱ्या गड्यांना आधीच सांगून ठेवा, की खुंट तिरका कापायचा नाही, जमिनीलगत सपाट कापायचा.